नानांचा डावा कान

आमच्या घरात जेवायला कोण कुठे बसणार हे नानांच्या कानावरून ठरायचं. नाना म्हणजे माझे आजोबा. ग्वाल्हेरला जनकगंजातल्या जुन्या वाड्याच्या स्वयंपाकघरात ते डावा खांदा भिंतीला लावून बसायचे, उजवीकडे बाबा, मग काका, मग आम्ही पोरं उतरत्या भाजणीने, कारण त्यांच्या डाव्या बाजूने बोललेलं म्हणजे भिंतीशीच बोलल्यासारखं होतं. फोन उजव्या कानाला. झोपायचे उजव्या कुशीवर, म्हणजे चालू कान एकदा उशीत दाबला की बाहेरून वरात जाऊ दे नाहीतर कुत्री भुंकू देत, नानांची झोप मोडायची नाही, आणि आजी म्हणायची, एवढी सोय देवाने मला का नाही दिली.

कान कशाने गेला याबद्दल घरात दोन पक्ष होते. बाबा-काकांचा पक्ष म्हणायचा शिकारीत गेला, आणि हे ते असं सांगायचे की जणू दरबारात मिळालेली शाल आहे. नाना स्वतः मात्र मानायचे नाहीत. ते म्हणायचे, "अरे, बंदूक उजव्या खांद्याला लावतात. बंदुकीने गेलाच असता तर उजवा गेला असता. हा क्विनाइनचा प्रताप." शिवपुरीच्या जंगलात असताना त्यांना मलेरिया लागोपाठ झालेला, क्विनाइन भरपूर घेतलेलं, आणि क्विनाइनने कानात गुंई होते हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. त्यामुळे हा युक्तिवाद एकदम बिनतोड वाटायचा. मलाही वाटायचा, अगदी चार वर्षांपूर्वीपर्यंत.

नाना काही सरदार-बिरदार नव्हते. संस्थानच्या जंगल खात्यात कारकून. पाहुणे शिकारीला आले की शिवपुरीला मुक्काम, हाक्याला, म्हणजे रान उठवून जनावरं हुसकवायला, किती माणसं आली त्याची हजेरी लिहायची, संध्याकाळी मजुरी वाटायची. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्यातली राजधानी, तिथल्या जंगलात डोंगरावर अजूनही जॉर्ज कॅसल उभा आहे, १९११ साली पंचम जॉर्ज शिकारीला येणार म्हणून बांधलेला, आणि सांगतात की बादशहा तिथे राहायला गेलेच नाहीत. तेच जंगल आता माधव व्याघ्र प्रकल्प झालंय, मार्च २०२५ मध्ये. नानांना हे कळलं असतं तर ते खूश झाले असते की नाही सांगता येत नाही, कारण त्यांच्या बोलण्यात वाघ म्हणजे एक नोंद होती, अमुक तारीख, अमुक साहेब, लांबी इतके फूट इतके इंच. स्वतः त्यांनी मारलं ते तितर, ससे, क्वचित रानडुक्कर. पण बार काढले भरपूर. बारा बोरची दुनळी होती, आणि एक ठासणीची जुनी बंदूक होती, टोपीवाली, म्हणजे दारू नळीच्या तोंडातून ठासायची आणि मागे बसवलेल्या तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा पडला की बार उडायचा. दुनळीची काडतुसं महाग म्हणून बारीकसारीक शिकारीला ठासणीचीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली तेव्हा नाना साठीचे होते, बंदूक मग फक्त इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, एवढ्यापुरती बाहेर निघायची. आमच्या चंबळ-ग्वाल्हेरकडे हा एक सणच आहे म्हणा.

आता चार वर्षांपूर्वीचं. माझी लेक शूटिंग करते. आधी एअर रायफल, मग पॉइंट टू टू बोरच्या खऱ्या रायफलवर गेली. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर रेंजवर गेले, आपलं डबा घेऊन मागे खुर्चीत बसावं म्हणून, तर कोच सरांनी दारातच थांबवलं आणि हातात दोन पिवळे फोमचे बोळे ठेवले. मी ते तसेच कानात कोंबले आणि आत निघाले. लेक मागून, "आई, बाहेर लटकतायत ते, भुईमुगाच्या शेंगा लावल्यासारख्या. काढ." मग तिने शिकवलं. बोळा दोन बोटांत वळायचा, उदबत्तीसारखा बारीक होईपर्यंत, सुरकुती न पाडता. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते, बोळा सरकवायचा आणि बोटाने वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा, तो आत हळूहळू फुगतो. फुगताना एक बारीक सळसळ ऐकू येते आणि मग जग मागे मागे जात बंद होतं. स्वतःचा श्वास ऐकू येतो. बोललं तर स्वतःचा आवाज रांजणातून आल्यासारखा. समोरून बघणाऱ्याला बोळा दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही असं समजायचं. त्यावर मग हेडफोनसारखे दिसणारे इअरमफ, त्याआधी कुड्या काढायच्या, केसांची क्लिप काढायची, आणि माझ्या चष्म्याची काडी मफच्या गादीखाली येत होती तर सरांनी तीसुद्धा बघितली, म्हणाले या काडीशेजारच्या फटीतून आवाज आत घुसतो, म्हणून मफवाल्यांनी बारीक काडीचा चष्मा घ्यावा, आणि म्हणूनच आत बोळे पण पाहिजेत. सगळ्यात मोठी गंमत ही की दोन्ही घातलं म्हणून दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. बोळ्याच्या पाकिटावर तीसच्या आसपास डेसिबल लिहिलेले असतात, ते नीट बसले तर, आणि वर मफ घातला की त्यात जेमतेम पाचेकांची भर. कारण मग आवाज कवटीच्या हाडातूनच आत जायला लागतो, हाडाला काय बोळा लावणार.

तर मी सरांना सहज म्हटलं, आमच्या आजोबांचा कान गेला होता पण तो शिकारीने नव्हता, कारण डावा होता. सर हसले. म्हणाले, "मॅडम, ते उजव्या हाताने चालवायचे ना? मग डावाच जाणार." आणि त्यांनी रिकामी रायफल खांद्याला लावून दाखवली. गाल दस्त्यावर टेकतो, मान उजवीकडे कलते आणि वळते, आणि डावा कान थेट नळीच्या तोंडाकडे बघायला लागतो. उजवा कान मागे राहतो, डोक्याच्या सावलीत. उन्हाची पडते तशी आवाजाचीही सावली पडते, त्यातही तीक्ष्ण, वरच्या पट्टीच्या आवाजाची जास्त. मी तिथे उभी राहून स्वतः हवेतच बंदूक धरून बघितली, मान वाकडी करून, आणि खरंच डावा कान पुढे आला. एवढी साधी गोष्ट. आमच्या घरात पन्नास वर्षं ज्याला पुरावा म्हणत होते तो उलट्या बाजूचा पुरावा निघाला. आणि क्विनाइनचं म्हणाल तर औषध रक्तातून जातं, ते डावा-उजवा बघत नाही, दोन्ही कानांना लागतं. हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही, आमच्या घरात दोन वकील असून.

त्यानंतर मी हे सगळं वाचायचा सपाटा लावला. साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास. कारखान्यात आठ तास पंच्याऐंशी डेसिबल असेल तर कान जपायला सांगतात. आणि बारा बोरचा बार दीडशेच्या वर जातो, लेकीची ती छोटी पॉइंट टू टू सुद्धा एकशे चाळीसपर्यंत. ऐकायला वाटतं साठची दीडशे म्हणजे अडीचपट, पण ही शिडी तशी नाही, दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते, म्हणजे साठ ते दीडशे हे एकावर नऊ शून्यं. एकशे चाळीसच्या पुढे एक बारसुद्धा कायमची इजा करू शकतो. कानात एक बारीक स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आतली हाडं आवळून धरतो, देवाने दिलेला इअरप्लगच म्हणा, पण तो आवळेपर्यंत बंदुकीचा आवाज आत जाऊन काम करून गेलेला असतो. आत शंखासारख्या नळीत साधारण पंधरा हजार केसाळ पेशी, गव्हाच्या शेतासारख्या उभ्या, वारं जोरात आलं की आडव्या होतात, काही परत उभ्या राहतात, काही राहत नाहीत, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सगळ्यात आधी जातात त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या. बार झाल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजते आणि मग थांबते, आणि माणूस म्हणतो, झालं बरं.

चार हजार हर्ट्झ म्हणजे काय हे वाचताना मला नाना दिसायला लागले एकदम. स, श, च, फ, थ ही अक्षरं तिकडे वरच राहतात. आजी ओसरीवरून ओरडायची, "चहा झालाय हो," आणि नाना घड्याळाकडे बघून, "सहा? आत्ताशी तर पाच वाजतायत." आम्ही लोळून हसायचो. हा आमचा घरगुती विनोद होता, पाहुण्यांना करून दाखवायचो. नातवंडांचं बोलणं त्यांना कळायचं नाही, बाबांचा घोगरा आवाज कळायचा, म्हणून आम्हाला वाटायचं नाना आमच्याकडे मुद्दाम लक्ष देत नाहीत. उजवा कानही हळूहळू गेलाच होता थोडा, फक्त डाव्याइतका नाही. नाना म्हणायचे, हल्ली रातकिडे राहिले नाहीत, सगळं जंगल तोडलं मेल्यांनी. जंगल तोडलं होतं हेही खरंच, पण एकदा ते असं म्हणाले त्या रात्री आमच्या अंगणात रातकिडे इतके किरकिर करत होते की मला झोप येत नव्हती, आणि आठ-नऊ वर्षांच्या मला कळेना की नाना कशाबद्दल बोलतायत.

आणि गाणं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचं गाण्याशिवाय चालत नाही, तानसेन झालो नाही तर निदान कानसेन तरी, हे आम्ही जन्मतःच शिकतो. नानांनी कृष्णराव शंकर पंडितांना ऐकलेलं, समोर बसून, तरुणपणी. तानसेन समारोहाला हजिऱ्याला दरवर्षी जायचे, थंडीत कुडकुडत, कानटोपी घालून. मग एका वर्षी बंद केलं. म्हणाले, आजकाल तंबोरे नीट लावत नाहीत, जवारीच नाही, नुसते मडक्यासारखे वाजतात. बाबांनी कधीतरी हे पुढे कुणाला सांगितलं असणार, कारण माझ्या लहानपणी आमच्याकडे येणारे लोकही म्हणायचे की नाना म्हणतात तंबोऱ्यांचा दर्जा घसरलाय. तंबोऱ्याची ती वरची झणकार, स्वरांवर उठणारे बारीक स्वर, ते सगळं नानांनी तितरांवर खर्च केलं होतं. बरं थंडीसाठी कानटोपी, कानाच्या पाळीत अत्तराचा फाया, कान दुखला तर लसणीचं तेल, म्हणजे कानाचे लाड काय कमी होते का आमच्यात. फक्त बार काढताना कान उघडा. कुणी फारच जपून वागणारा असेल तर कापसाचा बोळा घालायचा, पण साधा कापूस या आवाजापुढे जवळपास काहीच अडवत नाही, आणि तरी तो घालणाऱ्याला हसायचे.

हसायचे का, तर शिकाऱ्याला कान लागतात. पाचोळा कुठे वाजला, मोर का ओरडला, माकडं एकदम गप्प का झाली. कान बंद करून जंगलात बसणं म्हणजे डोळे बांधून पत्ते खेळणं. हे मला पटतंसुद्धा. माझा एक चुलतभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, त्याला तिथे नानांचं रक्त उसळलं म्हणे, आणि तो ऑफिसातल्या लोकांबरोबर हरणाच्या शिकारीला जायला लागला. तिकडे कायदेशीर आहे, नोव्हेंबरात नऊ दिवसांचा सीझन असतो. व्हिडिओ कॉलवर त्याने मला सगळा थाट दाखवला, भगवं भडक जाकीट, कारण तिथे कायद्याने कमरेच्या वर निम्मं अंग तरी त्या झगझगीत रंगात पाहिजे, भगवा नाहीतर गुलाबी. आणि तिथे १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्याला आधी सुरक्षेचा कोर्स पास करावा लागतो, मगच लायसन्स. हा चौऱ्याहत्तरचा, त्यामुळे क्लासला जाऊन बसला. मला गंमत वाटली, इकडे बहात्तरला नानांची शिकार संपली आणि तिकडे त्र्याहत्तरपासूनच्यांना शिकायला बसवलं.

मी विचारलं कानाचं काय. तर त्याने इलेक्ट्रॉनिक मफ दाखवले. बाहेर छोटे माइक, पाचोळ्याचा आवाज वाढवून आत देतात आणि बार झाला की क्षणात बंद, त्यामुळे पाऊल उघड्या कानापेक्षा जास्त ऐकू येतं. म्हणजे शिकाऱ्याला कान लागतात या बहाण्याचं आता काही राहिलं नाही. पण म्हणाला, "ताई, खरं सांगू? टोपी बसत नाही त्यावर, घाम येतो, आणि एखादाच तर बार असतो दिवसात. बरेचजण गळ्यातच अडकवून ठेवतात." एखादाच तर बार. नानाही हेच म्हणाले असते. मी त्याला चहा-सहाची आठवण करून दिली, तर तो म्हणाला, "काय?" आणि मग दोघंही हसलो, पण तो खरंच ऐकू न आल्याने म्हणाला होता की नेटवर्कमुळे, ते मी विचारलं नाही.

डोळ्यांचं मात्र तो चुकवत नाही, पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालतो, पहाटे-संध्याकाळी पिवळ्या काचा, धुरकट उजेडात कडा जरा उठून दिसतात म्हणून. साध्या नंबरच्या चष्म्याची काच फुटून उलट डोळ्यातच जाऊ शकते, हे मला माहीत नव्हतं. पापणीवर आपला फार भरवसा असतो ना, पण पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो आणि छर्रा सुटताना सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या वर पळतो. आणि धोका फक्त पुढून नसतो. काडतूस सदोष असेल तर गरम वायू मागे येतो, दगडावर आपटून छर्रा परततो, फांदी सपकन लागते. ठासणीच्या बंदुकीचं तर विचारूच नका. घोडा आणि टोपी नळीच्या उजव्या बाजूला, घोडा पडला की तांब्याची ती चिमुकली टोपी फुटते आणि तिचे तुकडे बाजूला उडतात, उजवीकडे. म्हणून जुन्या बंदुका चालवणाऱ्यांचा नियमच आहे की उजव्या हाताला कुणी उभं राहायचं नाही.

लेकीच्या सरांचा आणखी एक नियम मला पाठ झालाय. बार झाला नाही तर हलायचं नाही. नळी समोरच, निदान तीस सेकंद, आणि काही झालं तरी तोंडाकडून डोकवायचं नाही. २०२५ च्या दिवाळीत आमच्या मध्य प्रदेशात कार्बाइड गनचं खूळ आलं होतं, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर सगळीकडे, पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी, गॅस झाला की लायटरने पेटवायचं, शेतात माकडं पळवायची वस्तू पोरांच्या हातात. शंभरावर लोकांचे डोळे जायबंदी झाले, जास्त करून मुलांचे, कारण उडाली नाही की मूल काय करतं, पाइपात बघतं. आमच्या गल्लीत पण आणली होती एकाने. मी खाली जाऊन भांडले. "आंटी, कुछ नहीं होता," असं ऐकून घेतलं. लग्नात हवेत गोळ्या झाडणारे पण हेच म्हणतात, त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद आहे तरी.

आता फोटो. गेल्या महिन्यात आत्याकडे गेलो होतो, मी आणि लेक. आत्या शहाऐंशीची, तल्लख. तिच्या कपाटात नानांचा १९४६ चा फोटो आहे, जंगलात काढलेला. मधे नाना, हातात दुनळी, मान डावीकडे वळवलेली, म्हणजे उजवा कान फोटोग्राफरकडे, तो काहीतरी सांगत असणार. कडेला, अर्धा कापलेला, एक सहरिया आदिवासी माणूस उभा आहे, उघडा, खांद्यावर नानांचं सामान. हा नानांचा वाटाड्या. त्याचा एक डोळा पांढरा आहे. लहानपणापासून आम्हाला त्याची गोष्ट अर्ध्या वाक्यात माहीत, नानांच्या कानाची गोष्ट झाली की शेवटी यायची, "आणि त्याचा डोळा टोपीने गेला बिचाऱ्याचा." टोपीने म्हणजे बंदुकीच्या. मी लहान असताना समजायचे डोक्यावरची टोपी, आणि विचार करायचे की टोपीने डोळा कसा काय जातो.

लेकीने फोटो खिडकीकडे नेला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आत्याआजी, हा डावखुरा होता का?"

"नाही गं. का?"

"डावा डोळा गेलाय याचा. स्वतःच्या बंदुकीच्या टोपीने गेला असता तर उजवा गेला असता."

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाली, "त्याच्याकडे कुठली बंदूक. बंदूक नानांची." मग चष्मा परत लावला, फोटो मागून घेतला, आणि त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "तो कायम नानांच्या उजव्या हाताला चालायचा. डावीकडून सांगितलेलं नानांना ऐकू यायचं नाही ना."